'वात धरलाय' म्हणजे नेमके काय? कोकणातले सांध्यांचे रुग्ण आणि त्यांचे डॉक्टर यांच्या नात्याची पार्श्वभूमी

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही दवाखान्यात सांधे दुखणारा माणूस आला की पहिले वाक्य ठरलेले असते : 'वात धरलाय.' गुडघ्याची झीज झालेली म्हातारी हेच म्हणते. चिकनगुनियानंतर चार महिने मनगट आखडलेला रिक्षावाला, युरिक ॲसिडने रातोरात पायाचा अंगठा सुजलेला खलाशी आणि पहाटे कंबर लाकडासारखी होणारा पंचविशीतला मुलगा हेही हेच म्हणतात. दोन्ही हातांची बोटे सुजलेली, तिशी-पस्तिशीतली बाई तर म्हणतेच. पाच वेगळे आजार, पाच वेगळी औषधे, नाव एकच. डॉक्टरही घाईत केसपेपरवर 'संधिवात' लिहून मोकळे होतात. पुढे रुग्ण आणि डॉक्टर यांचे वर्षानुवर्षे चालणारे नाते या शब्दावर उभे राहते आणि बऱ्याचदा याच शब्दापाशी बिघडते.

आयुर्वेदात हा घोळ एवढा नव्हता. तिथे संधिगत वात वेगळा, वातरक्त वेगळे आणि माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण. झिजेचे दुखणे आजचे वैद्य संधिगत वातात धरतात, युरिक ॲसिडचे वातरक्तात आणि सुजेचे, अनेक सांध्यांना धरणारे आमवातात. जुळणी तंतोतंत नाही, पण भेद होता. बोलीत 'आम' गळला, 'रक्त' गळले, 'वात' तेवढा उरला. त्यात इंग्रजीने भर घातली. बोटे सुजलेल्या त्या बाईच्या आजाराचे 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' (आरए) हे नाव १८५९ मध्ये लंडनच्या एका डॉक्टराने रूढ केले, ते मुळी हा आजार गाउट (युरिक ॲसिडचे दुखणे) आणि रुमॅटिक ताप यांच्यापासून वेगळा दाखवण्यासाठी. आपल्याकडे मात्र 'रुमॅटिक' आणि 'रुमॅटॉइड' पुन्हा एकत्र झाले. परिभाषेत सांध्यांच्या सुजेला संधिशोथ असा नेमका शब्द आहे, पण तो केसपेपरवर क्वचितच दिसतो.

हा शब्दांचा कीस पाडायचे कारण औषधात आहे. रुमॅटिक ताप हा मुख्यतः मुलांचा आजार. घशातल्या जंतूंमुळे होतो, हृदयाच्या झडपा बिघडवतो आणि तो परतू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देतात. त्याच्या तपासात रक्तातला एएसओ, म्हणजे त्या जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे, बघतात. कधी घसा धरून गेला असेल तरी तो वाढलेला दिसतो. चाळिशीतल्या बाईची बोटे सुजली, एएसओ वाढलेला निघाला आणि दर एकवीस दिवसांनी ते दुखरे इंजेक्शन सुरू झाले, हा प्रकार कोकणात नवा नाही. आजार तोवर सांधे आतून खात राहतो. उलटी चूकही तितकीच होते. रुमॅटॉइडच्या तपासात बघितला जाणारा रक्तातला 'आरए फॅक्टर' निरोगी माणसांतही शेकडा पाचांच्या आसपास सापडतो, म्हाताऱ्यांत त्याहून जास्त. झिजेने दुखणाऱ्या आजीच्या कागदावर 'आरए पॉझिटिव्ह' आले की घरात रडारड होते. आणि फॅक्टर निगेटिव्ह असूनही आजार असू शकतो, हे समजवायला तीन मिनिटांची ओपीडी पुरत नाही.

खरे तर रक्ताआधी प्रश्न विचारायचे असतात. सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात? अर्ध्या तासाच्या आत मोकळे झाले तर बहुधा झीज, तासाहून जास्त लागला तर सूज. पण 'किती मिनिटे' याला घड्याळ न बघता उठणारी बाई काय उत्तर देणार? 'चहा गाळताना पातेले एका हाताने धरता येते का? विळीवर बसून नारळ खवायला किती वाजता जमते?' असे विचारले की उत्तर लगेच मिळते. मग बोटांच्या मुळांशी, तळहाताच्या रुंदीवर, दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायचे. हस्तांदोलनाइतक्या दाबाला माणूस कळवळला आणि त्रास सहा आठवड्यांहून जुना असेल, तर तेलमालीश आणि निर्गुडीच्या शेकावर आणखी थांबू नये. पहिले काही महिने हातचे गेले तर वाकलेले बोट औषधाने सरळ होत नाही. पावसात दुखणे वाढते असे जवळपास प्रत्येक रुग्ण सांगतो. अभ्यासांचे निष्कर्ष त्यावर एकमेकांशी जुळत नाहीत, पण म्हणून रुग्णाला खोटे पाडण्यात शहाणपण नाही.

उपचारांचा जुना इतिहास थोडक्यात असा. १९२० च्या दशकाअखेर युरोपात सोन्याची इंजेक्शने आली. १९४८ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिले, खाटेला खिळलेले रुग्ण काही दिवसांत चालू लागले आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळाले. दुष्परिणाम कळायला फार वर्षे लागली नाहीत. मात्र स्टिरॉइड खेड्यात पोचले ते दुष्परिणामांची यादी मागे ठेवून.

कोकणात ते चांगलेच रुजले, त्याला कारणे आहेत. सांध्यांचा तज्ज्ञ म्हणजे मुंबई नाहीतर पुणे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू होईपर्यंत मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला रात्रभर एसटीत बसून, सुजलेल्या गुडघ्यांनी मुंबईतल्या परळचे मोठे दवाखाने गाठावे लागत. आषाढात लावणीला वाकायचे आहे, मजुरी बुडवता येत नाही आणि गावातल्या डॉक्टरची एक सुई आठवडाभर पाठ मोकळी करते. तो डॉक्टर सगळा दोषी होता असे म्हणणे सोपे आहे. त्याच्यापुढे दुसरे काय होते, हेही बघायला हवे. दोष आहे तो न सांगण्याचा. बिननावाच्या पुडीत तीन गोळ्या, त्यातली बारीक पांढरी कसली हे कागदावर नाही. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांतही स्टिरॉइड मिसळलेले सापडते. चेहरा गोल होतो, घरचे म्हणतात तब्येत सुधारली. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. सगळ्यात धोक्याचे म्हणजे अचानक बंद करणे. तीन आठवड्यांहून जास्त काळ घेतलेले स्टिरॉइड एकदम तोडले तर शरीर स्वतःचे संप्रेरक पुरेसे बनवत नाही. उलट्या, गळाठा, रक्तदाब उतरणे, आणि तापात किंवा ऑपरेशनच्या वेळी जिवावर बेतणे. म्हणून नव्या डॉक्टरकडे जाताना जुन्या पुडीतली एक गोळी आणि चूर्णाचा डबा सोबत न्यायचा, आणि डॉक्टरनेही तो बघून रागवायचे नाही. एकदा रागावला की पुढच्या वेळी डबा घरीच राहतो.

नाते बदलले ते मेथोट्रेक्सेट या गोळीमुळे. अमेरिकेत १९८८ मध्ये रुमॅटॉइडसाठी त्याला मान्यता मिळाली, त्यानंतर आपल्याकडेही ते रुळले. सुई घेतली की संध्याकाळी बरे वाटते. या गोळीचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे जातात आणि तोवर विश्वासावर दिवस काढायचे. शिवाय ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. इथेच सगळ्यात वाईट चुका होतात. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असते, घरात बाकीच्या गोळ्यांबरोबर ती रोज दिली जाते, दहा-बारा दिवसांत तोंड सोलते, पांढऱ्या पेशी उतरतात. दुसरी चूक मेडिकल दुकानातली : अडीचच्या गोळ्या संपल्या म्हणून दहाच्या दिल्या, रुग्णाने सवयीने चार घेतल्या आणि दहाचे चाळीस झाले. उपाय साधे आहेत. वाराचे नाव पूर्ण लिहावे, 'दर बुधवारी रात्री जेवणानंतर'. गोळीची ताकद आणि संख्या दोन्ही लिहावी. उपासाचा वार टाळावा. फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासावे. ताप आला की त्या आठवड्याची गोळी थांबवून डॉक्टरला कळवायचे. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाच्या) दिवसांत, भातखाचरात उभ्या असणाऱ्या बाईला हे वाक्य तोंडपाठ हवे. मूल हवे असेल तर आधी किमान तीन महिने औषध बदलून घ्यावे लागते.

हा शेवटचा मुद्दा बोलायला सर्वात अवघड. आजार पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पट जास्त, पण तपासणीच्या खोलीत बोलतो नवरा, किंवा फोनवर मुंबईचा मुलगा. लग्न ठरताना आजार लपवलेला असतो, मग गोळ्याही लपवून घेतल्या जातात आणि चुकतात. पुरुष हुर्राक (काजूची दारू) पितात ते सांगत नाहीत, आणि मेथोट्रेक्सेटवर दारू यकृताला महागात पडते.

बाहेरच्या जगात एव्हाना रुग्णाला विचारायची पद्धत पडू लागली होती. संधिवाताच्या औषधांचा गुण कसा मोजायचा हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय बैठकांत २००२ मध्ये पहिल्यांदा रुग्णांना बसवले, आणि त्यांनी दुखण्याच्या बरोबरीने थकव्याकडे बोट दाखवले. तो तोवर डॉक्टरांच्या मोजमापात नव्हता. २०१० मध्ये युरोपात मांडलेल्या उपचारतत्त्वांत पहिलेच तत्त्व होते, निर्णय रुग्ण आणि डॉक्टर दोघांनी मिळून घ्यायचा. आपल्याकडच्या प्रश्नावलीत उकिडवे बसणे आणि मांडी घालणे आले. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढणे मात्र अजून कुठल्या प्रश्नावलीत नाही.

खर्चाचा प्रश्न मागेच राहिला. सरकारी विमा योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांवर उभी आहे, महिन्याची गोळी आणि रक्ततपासणी खिशातून. म्हणून गणपतीच्या आणि लावणीच्या महिन्यात औषध सुटते, आणि डॉक्टरला वाटते गुण आला नाही.

मार्च २०२० मध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. २५ तारखेला दूरध्वनीवरून उपचारांची राष्ट्रीय नियमावली आली, आणि दुसऱ्याच दिवशी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या विक्रीवर कडक निर्बंध. करोनाला उपयोगी पडेल या आशेने ती गोळी दुकानांतून गायब झाली. ल्युपस (सांध्यांसह इतर अवयवांनाही धरणारा आजार) आणि संधिवाताचे रुग्ण ती वर्षानुवर्षे घेत होते, आणि जुनी चिठ्ठी घेऊन दुकाने पालथी घालत राहिले. काही डॉक्टरांनी उरलेल्या गोळ्या दिवसाआड घ्यायला फोनवरून सांगितले.

फोन मात्र टिकला. महिन्यातून एकदा चिपळूण-कुडाळला येणारा तज्ज्ञ आता मधल्या आठवड्यांत बोटांचे फोटो आणि रक्ताचे रिपोर्ट मागवतो. फोटो खिडकीच्या उजेडात, दोन्ही हात पांढऱ्या कापडावर उपडे ठेवून, सकाळी काढलेला हवा. सूज दिसते. दाबल्यावर दुखते का, ते घरच्या कुणीतरी दाबून सांगावे लागते.