‘केयी’ वाचलं, तर चूक धरू नका

तिसरीतलं मूल वाचताना अडलं की त्याला पुन्हा मुळाक्षरांवर बसवतात. नेमकं कुठे अडतंय हे न पाहता असं केलं, तर येतं तेच घोटण्यात महिने जातात. त्याआधी दहा मिनिटं द्या. ‘असर’ या शिक्षणाच्या सर्वेक्षणातल्या वाचन चाचणीत सुरुवात पहिलीच्या पातळीच्या परिच्छेदाने होते. तो सलग, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. पाचपैकी चार बरोबर आली की ती पातळी जमली.

खानदेशात चुका मोजताना मोठी गफलत होते. घरी अहिराणी बोलणारं मूल ‘केळी’ला ‘केयी’ म्हणतं, ‘पाणी’ला ‘पानी’. खात्री हवी असेल तर ‘ळ’ आणि ‘य’ची कार्डं समोर ठेवून ‘ळ कुठला?’ विचारा. बरोबर उचललं तर वाचन पक्कं आहे, उच्चार फक्त घरचा आहे. ‘आहे’च्या जागी अहिराणीतलं ‘शे’ वाचलं तर अर्थ कळलाय. शब्दावर बोट ठेवून पुन्हा बघायला सांगा, एवढंच. सातपुड्यातल्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाची अडचण उलटी असू शकते. अक्षरं जुळतात, पण शब्दच अनोळखी असतो. त्याला बाराखडी नको. वाचण्याआधी चित्र दाखवा, त्या वस्तूला घरी काय म्हणतात ते विचारा, मग मराठी शब्द द्या.

आता मजकूर किती अवघड हवा? पन्नास शब्द वाचून घ्या. दोनपर्यंत चुका झाल्या तर मूल एकटं वाचू शकतं. तीन ते पाच झाल्या तर शेजारी बसा. शिकणं इथेच सर्वांत चांगलं होतं. सहा किंवा जास्त झाल्या तर सोपा मजकूर घ्या, नाहीतर मूल अंदाजाने शब्द ठोकू लागतं.

शेजारी बसल्यावर आपली घाई आड येते. मूल थांबलं की मनात पाचपर्यंत मोजा. मग अडलेल्या अक्षरावर बोट ठेवा, मग शब्द फोडून दाखवा, आणि शेवटी सांगून टाका. ‘दिवस’मधली वेलांटी दिसते ‘द’च्या आधी, पण बोलायची नंतर, ‘सूर्य’मधला रफार दिसतो ‘य’वर, पण उच्चार त्याच्या आधी. अशा जागी मूल अडणं स्वाभाविक आहे. तोच उतारा तीन-चारदा वाचून घ्या.

दर पंधरा दिवसांनी पातळी पुन्हा तपासा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल परत आलं, तर त्याच दिवशी जुन्या गटात न बसवता आधी तपासा.