शिवी कुठे दिली, कुणाला दिली, कशासाठी दिली

विरार लोकलच्या गर्दीत पाय तुडवला गेला आणि तोंडून ‘च्यायला’ निघालं, तर कुणी मानही वळवत नाही. तेच कॉलर धरून म्हटलं, तर पुढचं स्टेशन यायच्या आत हाणामारी. कायद्यालाही हा फरक कळतो. पण सगळ्या कलमांना सारखा नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत अपमानाचं कलम ५०४ हेतू बघतं: अपमान मुद्दाम केलेला हवा, आणि समोरचा चिडून शांतता भंग करील ही इच्छा किंवा जाणीव हवी. अश्लीलतेचं २९२ हेतू विचारतच नाही. तिथे १८६८ ची इंग्लंडातली हिकलिन कसोटी लागू झाली: ज्याचं मन सहज ढळेल, अशा वाचकाला मजकूर बिघडवेल का? म्हणजे सगळ्यात कच्च्या वाचकाच्या मापाने सगळ्यांचं वाचन मोजायचं.

याचा फटका मुंबईला चांगलाच बसला. संततिनियमनावर लिहिणाऱ्या ‘समाजस्वास्थ्य’चे र. धों. कर्वे यांच्या १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर वकील होते, तरी दंड झालाच. १९६४ साली मुंबईतल्याच पुस्तकविक्रीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिकलिन उचलून धरली. पुस्तक अश्लील आहे हे विक्रेत्याला ठाऊक होतं, हे सिद्ध करायचीही गरज नाही म्हटलं.

ही कसोटी सुटली ती २०१४ मध्ये. मजकूर अख्खा वाचायचा आणि आजच्या समाजाच्या मापाने जोखायचा, असं ठरलं. पण संदर्भ नेहमी सुटकेच्याच बाजूने झुकतो असं नाही: महात्मा गांधींवरच्या एका मराठी कवितेच्या खटल्यात २०१५ साली कोर्टाने आदरणीय ऐतिहासिक व्यक्तींसाठी माप अधिक कडक धरलं. मार्च २०२४ चा वेब सिरीजचा निकाल शिव्यांबद्दल सर्वांत स्पष्ट आहे. खालच्या कोर्टाने शब्दांचा शब्दशः लैंगिक अर्थ घेतला होता. सुप्रीम कोर्टाने ते शब्द रागातून, वैतागातून आलेत हे पाहिलं. असभ्य असणं म्हणजे अश्लील असणं नव्हे.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ५०४ चं ३५२ झालं, सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारण्याच्या २९४ चं २९६. फिर्यादीत मात्र अजून तेच ठरलेलं वाक्य पडतं, ‘अश्लील शिवीगाळ केली’. २९६ ला सार्वजनिक जागा किंवा तिच्या आसपासची जागा लागते, शिवाय इतरांना त्रास झालेला हवा. बंद दारामागच्या भांडणाला ते बसत नाही. ३५२ साठी फिर्यादीत शब्द जसेच्या तसे नसले तरी चालतं, असं जुन्या ५०४ बद्दल २०१३ मध्ये ठरलंय. पण कुठे, कुणासमोर, आधी काय झालं होतं, हे लिहिलेलं नसेल तर हेतू दाखवायचा कशावरून?