जसं जाळं, तशी पेशी

१८६९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस ॲशवर्थ या डॉक्टरांना कर्करोगाने दगावलेल्या एका माणसाच्या रक्तात अगदी गाठीतल्यासारख्या पेशी दिसल्या. गाठीपासून सुटून रक्तातून फिरणाऱ्या या पेशी शोधणं आजही सोपं नाही. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या ४० लाखांच्या वर. त्यांत कर्करोगाची एखादीच, बरेचदा तीही नाही.

सगळ्यांत रुळलेली पद्धत म्हणजे 'सेलसर्च'. अमेरिकेत तिला २००४ मध्ये मान्यता मिळाली. एपकॅम हे अवयवांच्या अस्तरातल्या आणि त्यांपासून झालेल्या कर्करोगाच्या अनेक पेशींवर असणारं, रक्तपेशींवर नसणारं प्रथिन. ते ओळखणारी प्रतिपिंडं लावलेले लोहकण रक्तात मिसळतात, ते या पेशींना चिकटतात आणि चुंबक त्यांना ओढून घेतो. मग रंग देऊन खात्री करतात: केंद्रक हवं, सायटोकेरॅटिन हे अस्तराच्या पेशींच्या सांगाड्यातलं प्रथिन हवं आणि पांढऱ्या पेशींची सीडी४५ ही खूण नको. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात साडेसात मिलिलिटर रक्तात अशा ५ किंवा अधिक पेशी निघाल्या, तर आजाराची पुढची वाटचाल बिकट असण्याची शक्यता जास्त.

पण पसरण्याच्या वाटेवर काही पेशी रूप बदलतात आणि एपकॅम कमी करतात. नेमक्या त्याच चुंबकाच्या हातून निसटतात. म्हणून दुसरा मार्ग आकाराचा. सुमारे ८ मायक्रॉन छिद्रांच्या चाळणीतून रक्त गाळलं की मोठ्या पेशी वर राहतात, खूण असो वा नसो. मात्र बऱ्याच पांढऱ्या पेशीही अडकतात आणि कर्करोगाच्या लहान पेशी गळून जातात. आकार आणि लवचिकपणा यांवर चालणाऱ्या 'पारसॉर्टिक्स' या यंत्राला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्यातून पेशी बाहेर काढून पुढे तपासता येतात.

तिसरा मार्ग आरटी-पीसीआर, म्हणजे पेशीतल्या जनुकांचे संदेश (आरएनए) शोधणारी चाचणी. ती फार संवेदनशील, पण त्यात पेशी फोडावी लागते, त्यामुळे मोजणी संपली. सुई टोचताना त्वचेची एखादी पेशी आत आली, तरी चुकीचा संकेत मिळू शकतो.

मग यांतली सरस कोणती? इथे एक फसगत होते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. पद्धतींची परीक्षा बहुतेकदा निरोगी रक्तात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मोजून टाकून घेतात. टाकल्या १००, सापडल्या ९० तर पद्धत उत्तम! पण या पेशी सहसा मोठ्या असतात आणि वापरात असलेल्या अनेक प्रकारांवर एपकॅमही भरपूर असतं. रुग्णाच्या रक्तातल्या पेशी इतक्या सोयीच्या नसतात. शिवाय दोन पद्धतींनी दिलेले आकडे शेजारी मांडले, तरी दोघींनी 'पेशी' कशाला म्हटलं ते वेगळं असतं.

नुसत्या मोजणीलाही मर्यादा आहे. केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही आकडा चढाच राहिलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये औषध लगेच बदलून पाहिलं गेलं. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: आयुष्य वाढलं नाही. म्हणूनच पेशी शाबूत हाती देणाऱ्या पद्धतींकडे माझा कल आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगात या पेशींमध्ये एआर-व्ही७ (पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहक-प्रथिनाचं बदललेलं रूप) आढळलं, तर एन्झालुटामाइड आणि ॲबिराटेरॉन ही औषधं लागू पडण्याची आशा बरीच कमी होते.