आवाज वाढवला तरी ऐकू का येत नाही?

मोठ्या सभागृहात भाषण कळेनासं झालं की मागून ओरड होते, ‘आवाज वाढवा!’ वाढवून उपयोग होत नाही. वक्त्याचा शब्द जितका मोठा होतो, तितकीच भिंतींवरून परत येणारी त्याची शेपटीही मोठी होते. आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर लोळत राहते. या रेंगाळण्याला निनाद म्हणतात. प्रतिध्वनी वेगळा: दूरच्या भिंतीवरून सुटा, स्पष्ट परत ऐकू येणारा.

1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात नेमकी हीच पंचाईत झाली. तिथे एक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे. ती निस्तरायचं काम वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आलं. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. सकाळपर्यंत गाद्या पुन्हा जागेवर! या हमालीतून एक साधं सूत्र निघालं: खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण. येणारं उत्तर म्हणजे आवाज 60 डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) उतरायला, म्हणजे जवळपास विरायला, लागणारे सेकंद. शोषण मोजायचं उघड्या खिडकीच्या चौरस मीटरमध्ये, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

20 मीटर लांब, 12 रुंद, 5 उंच सभागृह घ्या. घनफळ 1200. भिंती, छत, जमीन मिळून पृष्ठभाग 800 चौरस मीटर. सगळं गुळगुळीत, टणक असेल आणि आवाजाचा जेमतेम 5 टक्के भाग गिळत असेल, तर शोषण 40 आणि निनाद 4.8 सेकंद. भाषणासाठी तो एक सेकंदाच्या आसपास हवा. आता छताच्या 160 चौरस मीटरला 80 टक्के शोषणारे पॅनेल लावले, तर शोषण 160 होतं आणि निनाद 1.2 सेकंदांवर येतो. गलकाही सुमारे 6 डेसिबलने उतरतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो आणि शेजारचा त्याहून वर.

पॅनेल कशाचं? ज्यातून फुंकर आरपार जाते, पण अडखळत जाते, असं काहीही जाडजूड: खनिज लोकर, दाट फेल्ट, जड पडदा. तंतूंमध्ये हवेची हालचाल घासली जाते आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत बदलते. थर्माकोल इथे कुचकामी, त्यात हवेला वाटच नाही. अंड्यांचे ट्रे तर विसराच. शोषण तुटपुंजं, वर आगीला आमंत्रण. पातळ गालिचा फक्त उंच पट्टीचे स्वर खातो, घुमणारा खर्ज तसाच राहतो. पडदा भिंतीपासून दहा-पंधरा सेंटीमीटर पुढे टांगला तर जास्त काम करतो, कारण भिंतीला चिकटून हवा जवळजवळ हलतच नाही. मात्र शेजारच्या खोलीतला किंवा रस्त्यावरचा आवाज यातलं काहीच थांबवत नाही. तिथे जड भिंत आणि बंद फटी लागतात.

बसलेला माणूस स्वतः साधारण अर्ध्या चौरस मीटर खिडकीइतका आवाज शोषतो. म्हणून भरलेल्या सभेत फारसं न घुमणारं सभागृह वीस जणांच्या बैठकीत असह्य होतं. गादीच्या खुर्च्यांचा खरा फायदा इथे: रिकामी खुर्चीही न आलेल्या माणसाच्या वाटचा बराचसा आवाज गिळते.