रिव्हॉल्व्हर, खिशातील

रिव्हॉल्व्हर, खिशातील : कोटाच्या किंवा पँटीच्या खिशात, बाहेरून उमटणार नाही अशा रीतीने बाळगण्याजोगे लहान, फिरत्या चक्रीचे हत्यार. नळी साधारणपणे ५ सेंमी.च्या आसपास, चक्रीत काडतुसांसाठी पाच किंवा सहा घरे, वजन सु. ३२५ ते ७५० ग्रॅ. आखूड नळीमुळे त्याला ‘स्नबनोज’ म्हणतात. हा प्रकार प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतला. तेथे फ्लॉरिडाने १९८७ मध्ये हत्यार लपवून बाळगण्याची परवाना-पद्धत सैल केल्यावर आणि नंतर इतर राज्यांनी तोच मार्ग धरल्यावर त्याची मागणी सामान्य नागरिकांत वाढली.

पहिले खिशातले रिव्हॉल्व्हर कोणते, हे व्याख्येवर ठरते. सॅम्युएल कोल्टचे अमेरिकी पेटंट १८३६ चे. त्याच्या पॅटरसन येथील कारखान्यातून लगेचच्या काळात निघालेले पाच घरांचे .२८ कॅलिबरचे (कॅलिबर म्हणजे नळीचा इंचांतील आतला व्यास) मॉडेल आकाराने खिशातले होते, पण फार थोडे खपले. खऱ्या अर्थाने घरोघर पोचले ते १८४९ चे .३१ कॅलिबरचे ‘पॉकेट’ मॉडेल. त्याचे उत्पादन तीन लाखांवर गेले. या दोहोंत दारू व गोळी वेगवेगळी भरावी लागे. धातूचे अखंड काडतूस वापरणारे स्मिथ अँड वेसनचे .२२ चे ‘मॉडेल १’ १८५७ मध्ये आले. आरपार पोखरलेल्या चक्रीचे रोलिन व्हाइटचे पेटंट १८६९ पर्यंत त्यांच्या हाती असल्याने इतरांना तोवर थांबावे लागले. ब्रिटनमध्ये १८७२ पासून वेब्ली कंपनीने ‘बुलडॉग’ काढले. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर झाडलेले हत्यार याच घाटाचे होते. १८८७ मध्ये स्मिथ अँड वेसनने घोडा (काडतुसावर आघात करणारा भाग) पूर्णपणे आत झाकलेले मॉडेल आणले. मुठीमागची पट्टी दाबल्याशिवाय ते उडत नसे. आजच्या बिनघोड्याच्या मॉडेलांची वंशावळ येथून मोजणे योग्य.

या वर्गाचे मुख्य काडतूस म्हणजे .३८ स्पेशल. नावात .३८ असले तरी गोळीचा व्यास .३५७ इंच (सु. ९.०७ मिमी.) आहे. जुन्या .३६ च्या टोपी-दारूच्या रिव्हॉल्व्हरांचे काडतुसांसाठी रूपांतर होताना गोळी पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) बाहेरच्या व्यासाएवढी जाड असे. पुढे गोळी पुंगळीच्या आत बसू लागली, व्यास घटला, नाव मात्र तेच राहिले. काडतुसाच्या जन्माचे वर्ष काही ग्रंथ १८९८ देतात, तर काही १८९९. फिलिपीन्समध्ये मोरो (तेथील दक्षिणेकडचे मुस्लिम) योद्ध्यांपुढे अमेरिकी सैन्याचे .३८ लाँग कोल्ट काडतूस लुळे पडले म्हणून हे काडतूस घडवले, ही कथा पुष्कळ ठिकाणी उतरवलेली आढळते. पण फिलिपीन्समधील युद्धाला फेब्रुवारी १८९९ मध्ये तोंड फुटले आणि मोरोंशी झालेल्या मोठ्या चकमकी त्यानंतरच्या. तेव्हा १८९८ हे वर्ष ग्राह्य धरले तर कारण कार्याच्या मागून येते. त्या चकमकींचा परिणाम सैन्य .४५ कडे परतण्यात दिसतो. .३८ स्पेशलला त्यांचे श्रेय देणे कठीण आहे.

१९२७ चे कोल्टचे सहा घरांचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ आणि १९५० चे स्मिथ अँड वेसनचे पाच घरांचे ‘चीफ्स स्पेशल’ हे पुढील सर्व मॉडेलांचे नमुने. दुसऱ्याचे नाव कोलोराडो स्प्रिंग्ज येथील पोलीसप्रमुखांच्या परिषदेत ठरले. एक घर कमी केल्याने चक्री सु. ३.३ सेंमी. रुंद राहते. खिशाच्या कापडावर गोल फुगवटा उठतो तो चक्रीचाच, म्हणून ही दोन-तीन मिमी.ची बचत मोलाची. ॲल्युमिनियमचा सांगाडा १९५० च्या दशकात आला. अमेरिकी हवाई दलासाठी चक्रीही ॲल्युमिनियमची करून पाहिली, पण ती दाबाला टिकेना आणि बहुतेक नग नष्ट करण्यात आले. तेव्हापासून चक्री पोलादाची, व अतिहलक्या मॉडेलांत टायटॅनियमची असते. १९६५ चे ‘मॉडेल ६०’ हे पहिले स्टेनलेस रिव्हॉल्व्हर. घामाने गंजण्याचा प्रश्न त्याने बराचसा सोडवला. २००९ च्या रुगर ‘एलसीआर’मध्ये मुठीकडचा भाग पॉलिमरचा आहे.

निवड करताना बहुतेक ग्राहक कॅलिबरपासून सुरुवात करतात. वजन आणि चाप यांपासून करणे अधिक सयुक्तिक. ॲल्युमिनियमच्या मॉडेलाचे वजन सु. ४१० ग्रॅ. आणि चापाची ओढ सु. ५.४ किग्रॅ., म्हणजे हत्याराच्या वजनाच्या तेरापट. त्यामुळे चाप ओढतानाच नळीवरील नेम धरण्याची पुढची माशी हलते. खरेदीपूर्वी चक्री रिकामी असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला रोखून, चाप दहा-बारा वेळा सावकाश ओढून पाहावा. शेवटच्या ओढीलाही माशी स्थिर हवी. हलके हत्यार दिवसभर खिशात जाणवत नाही, पण त्याचा धक्का तळहाताला झोंबतो आणि सराव टळतो. पोलादी (५५० ग्रॅ.च्या पुढचे) हत्यार पट्ट्याला बरे, खिशाला जड.

घोडा उघडा, बाजूंनी झाकलेला किंवा पूर्णपणे आत असा तीन तऱ्हांचा असतो. उघडा घोडा बाहेर काढताना अस्तरात अडकतो, म्हणून खिशासाठी आतला श्रेयस्कर. मुठीचे रबर धक्का सोसते, पण कापडाला चिकटते. लाकूड किंवा कठीण प्लॅस्टिक सुळकन निघते. जुन्या नगांत घोड्याखाली अडसर नसेल तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे, अन्यथा हत्यार पडल्यास काडतूस उडू शकते.

.३५७ मॅग्नमचे अधिक जोरकस काडतूस इतक्या आखूड नळीत ज्वाळा व आवाज वाढवते, त्या मानाने लाभ थोडा. पोकळ टोकाची गोळी ५ सेंमी. नळीतून पुरेशा वेगाने निघत नसल्याने अनेकदा फुलत नाही. म्हणून सपाट तोंडाची ९.६ ग्रॅ.ची ‘वॉडकटर’ काहीजण पसंत करतात. तिचा धक्का सौम्य असतो, पण तोंड पुंगळीशी समपातळीत असल्याने घाईत भरताना घरात चटकन शिरत नाही. हात अशक्त असल्यास .३२ एच अँड आर मॅग्नम (१९८४) विचारात घ्यावे; त्याची सहा काडतुसे तेवढ्याच चक्रीत बसतात. .२२ चा धक्का नगण्य, पण काठावर पेटणाऱ्या काडतुसात न उडण्याचे प्रमाण अधिक, आणि त्यासाठी चापही जड ठेवावा लागतो.

बिघाडांत सर्वांत फसवा असा : हलक्या हत्याराच्या धक्क्याने न उडालेल्या काडतुसातील गोळी पुंगळीतून पुढे सरकते, चक्रीबाहेर डोकावते आणि चक्री अडते. चार गोळ्या झाडून पाचव्या काडतुसाची लांबी आधीच्या मापाशी ताडून पाहावी. वाढली असेल तर ते काडतूस त्या हत्याराला चालणार नाही. आखूड ढकलकाडी पुंगळ्या पूर्ण बाहेर काढत नाही, म्हणून नळी वर करून तळव्याने एकच जोरकस फटका द्यावा. नळी खाली राहिली तर न जळलेली दारू ताऱ्याच्या आकाराच्या ढकलचकतीखाली पडते आणि चक्री मिटत नाही. खिशातील कापसाळ धूळ नळीत आणि घोड्याच्या खाचेत साचते. ती आठवड्याला पुसावी. त्या खिशात चाप झाकणाऱ्या होल्स्टरखेरीज काही नसावे, किल्ल्या तर मुळीच नसाव्यात.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ यांनुसार परवाना लागतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तो पोलीस आयुक्त देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. नागरिकांना मिळणारे नेहमीचे कॅलिबर .३२ आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून काढलेले ‘निर्भीक’ सहा घरांचे, .३२ चे, टायटॅनियम मिश्रधातूचे व सु. ५०० ग्रॅ. वजनाचे आहे.