जठर संथ झाले की मळमळ का होते?

मधुमेहासाठी किंवा वजन उतरावे म्हणून सेमाग्लुटाइडचे वा टिर्झेपटाइडचे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन सुरू केलेल्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते: ताटावर बसले की मळमळते. सेमाग्लुटाइडच्या वजनविषयक एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले, औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांना हा त्रास झाला. तुलनेसाठी औषध नसलेले, नुसते दिखाऊ इंजेक्शन घेणाऱ्यांत तो सुमारे १७ टक्क्यांना झाला होता.

जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते आणि काही मिनिटांतच त्याचा निचरा होतो. सेमाग्लुटाइड त्याच संप्रेरकाची नक्कल करते, परंतु त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो. ते जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या, उलटीशी संबंधित भागालाही संदेश देते. म्हणजे भूक शमवणारी यंत्रणा आणि मळमळ आणणारी यंत्रणा एकमेकींच्या शेजारीच आहेत.

अडचण होते ती आपल्या ताटाची. लातूर-परभणीकडे दुपारी दोन भाकरी, तर्रीचे कालवण आणि शेंगदाण्याची चटणी हा बेत रोजचाच. पोट मात्र आता अर्ध्या भाकरीलाच भरते. सवयीने दुसरी भाकरी मोडली, की तासाभराने छातीत जडपणा येतो, आंबट ढेकर येतात आणि कोरडे उमासे सुरू होतात. तेलकट पदार्थ मुळातच जठरात रेंगाळतात. एकादशीला दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी पोटभर खाणे तर या औषधावर असताना हमखास अंगाशी येते. थोडे-थोडे, सावकाश खावे, पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात आवरावा आणि जेवल्याबरोबर आडवे होऊ नये. पंगतीतला आग्रह मोडणे हे यातले सर्वांत अवघड पथ्य असावे.

सेमाग्लुटाइडची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते आणि चार आठवडे तीच मात्रा ठेवतात, ती शरीराला सवय व्हावी म्हणून. मात्रा वाढली की मळमळ पुन्हा डोके वर काढते आणि बहुतेकांना काही आठवड्यांत ओसरते. ती ओसरली नाही, तर पुढची पायरी लांबवता येते. हे डॉक्टरांना विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीनेही मळमळते, पण ती जेवणासोबत घेतल्यास किंवा सावकाश विरघळणारी गोळी लिहून घेतल्यास बराच फरक पडतो.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना उलट्या होत राहिल्या, तर शरीरातील पाणी झपाट्याने घटते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून पातळ ताक किंवा जलसंजीवनी घोटाघोटाने घेत राहावी. सोबत इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल आणि जेवण निम्मे झाले असेल, तर साखर एकदम उतरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात; त्या औषधांची मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी लागते. पोटात असह्य, पाठीकडे जाणारी आणि न थांबणारी कळ आली, तर ती मळमळीच्या खात्यात टाकू नये. स्वादुपिंडाला सूज आल्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. शस्त्रक्रिया किंवा जठराची दुर्बीण तपासणी ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनाबद्दल आधीच सांगावे, कारण रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते.