प्रायश्चित्तकाळ (कॅथलिक घरातला)

प्रायश्चित्तकाळ म्हणजे राखेच्या बुधवारी (कपाळावर राख लावायचा दिवस) सुरू होऊन ईस्टरच्या (येशूच्या पुनरुत्थानाचा सण) आधीच्या गुरुवारी संध्याकाळी संपणारा कॅथलिक लोकांचा उपास, प्रार्थना आणि दानधर्माचा काळ. बोलताना बहुतेक जण नुसतं लेंट म्हणतात, काही जण उपवासकाळ म्हणतात, गोव्यात कोंकणीत कोरेज्म. ही नोंद चर्चपेक्षा जास्त घराबद्दल आहे, म्हणजे एका घरातली चार-सहा माणसं मिळून हा काळ कसा काढतात त्याबद्दल, आणि उदाहरणं जास्त करून वसईची आहेत कारण मराठीतून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकणाऱ्या कॅथलिकांची मोठी वस्ती तिथेच आहे (वसईचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा विभाग, १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला). चर्चचे नियम एकेका माणसासाठी लिहिलेत, वयानुसार, पण घरात कुकर एकच लागतो, त्यामुळे ज्याला नियम लागू नाही तोसुद्धा त्यात आपोआप येतो. सहा वर्षांचा पोरगा असो की ऐंशीची आजी, शुक्रवारी ताटात जे येईल तेच खायचं.

दिवसांचा हिशोब

चाळीस दिवस म्हणतात पण कॅलेंडरवर मोजले तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ भरतात (काळ गुरुवारी संपतो, पण ही मोजणी शनिवारपर्यंतची). मधले सहा रविवार सोडायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास धरत नाहीत. हे गणित घरातल्या लहान मुलांना मोठ्यांपेक्षा आधी कळतं, चॉकलेट सोडलेला मुलगा पहिल्याच रविवारी विचारतो की आज चालतं ना, आणि तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर असतं. काही घरात चालतं, काही घरात आई म्हणते की सोडलं म्हणजे सोडलं. चर्चचा याबाबत काही कायदा नाहीये, स्वतःहून सोडलेली गोष्ट आहे, घरातल्यांनी ठरवायचं.

चाळीसचा आकडा येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपासावरून आलाय. इसवी सन ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेच्या नियमांमध्येही या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो, म्हणजे प्रथा किती जुनी ते बघा. तारीख मात्र दरवर्षी सरकते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर (ही पौर्णिमा चर्चच्या स्वतःच्या कोष्टकातली, पंचांगातली नाही), आणि तिथून मागे मोजत राखेचा बुधवार ठरतो, तो ४ फेब्रुवारी ते १० मार्च यात कधीही येऊ शकतो. २०२५ मध्ये ५ मार्चला होता, २०२६ मध्ये १८ फेब्रुवारीला. २०२६ ला तर रमजानही त्याच आठवड्यात सुरू झाला आणि महाशिवरात्र तीन दिवस आधीच होऊन गेली होती, त्यामुळे एकाच बिल्डिंगमध्ये तीन प्रकारचे उपास पाठोपाठ.

महाराष्ट्रातल्या घरांची खरी अडचण दुसरीच असते. दहावी-बारावीचे पेपर नेमके याच दिवसात. ज्या घरात बोर्डाचं पोर आहे त्या घरात संध्याकाळची प्रार्थना आटोपशीर होते आणि आजी एकटी पुढे चालू ठेवते, तीसुद्धा मुख्यतः पेपरसाठीच.

नियम काय आहेत

नियम ऐकायला कडक वाटतात, प्रत्यक्षात बरेच सैल आहेत. पोप पॉल सहावे यांनी १९६६ मध्ये उपासाचे जुने नियम बदलून हलके केले आणि १९८३ च्या धर्मसंहितेत (चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात) ते पक्के झाले. पूर्ण उपास वर्षात दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तोसुद्धा १८ वर्षं पूर्ण झालेल्यांपासून ५९ पर्यंतच्यांना. उपास म्हणजे एक वेळ पोटभर जेवण आणि बाकी दोनदा थोडंसं. त्या दोन दिवशी आणि लेंटच्या सगळ्या शुक्रवारी मांस वर्ज्य, हे वयाच्या १४ वर्षांपासून पुढे कायम. आजारी माणसं, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, कष्टाचं काम करणारे यांना सूट. डायबेटिस असलेल्या काकांनी उपास धरून चक्कर आणायची काहीच गरज नसते, फादरसुद्धा हेच सांगतात आणि काका ऐकत नाहीत.

चौदाच्या खालच्या मुलांना नियम लागत नाही, पण प्रायश्चित्ताचा खरा अर्थ त्यांना शिकवायची जबाबदारी आईबाप आणि धर्मगुरू यांची असं संहितेत स्पष्ट लिहिलंय. घरातला लेंट उभा आहे तो या एका वाक्यावर.

ज्यांना उपास म्हटलं की साबुदाणा खिचडी आणि रताळं आठवतं त्यांनी एक लक्षात घ्यावं, इथे फराळ नावाचा प्रकार नाही. भात, वरण, भाजी, चपाती सगळं चालतं, फक्त कमी आणि बिनमांसाचं. अंडं, दूध, मासे नियमाने चालतात. शुक्रवारी एखादा मोठा सण आला तर ती बंदीही उठते, उदाहरणार्थ २०२२ मध्ये २५ मार्च, म्हणजे गॅब्रिएल देवदूताने मरियेला निरोप दिल्याचा सण, नेमका शुक्रवारी आला आणि लेंटमध्ये असूनही त्या दिवशी मटण खायला मोकळीक होती. हे असलं घरात एकाला तरी माहीत असतंच आणि तो ते आठवडाभर आधीपासून सांगत फिरतो.

माशांचा प्रश्न

मांस सोडायचं आणि मासे चालतात हा नियम जिथे घडला तिथे मांस ही श्रीमंतीची गोष्ट होती आणि मासा गरिबाचा. वसई किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर हिशोब उलटा होतो. इथे पापलेट चिकनच्या कितीतरी पट महाग, आणि कोळी किंवा कुपारी (वसईतला एक कॅथलिक समाज) घरात चांगला मासा असला तर मटणाची आठवण तरी कोणाला येते. शुक्रवारी तळलेलं पापलेट खाऊन नियम पाळला म्हणणं म्हणजे कागदावर शंभर टक्के आणि तसं बघितलं तर शून्य. त्यामुळे बरीच घरं स्वतःहून पुढे जातात, काही जण शुक्रवारी मासेही बंद ठेवतात, काही जण सगळे चाळीस दिवस मांस-मच्छी दोन्ही बंद करतात, काही घरात फक्त आजी करते आणि बाकीचे तिच्या नावावर पुण्य जमा समजतात. सुकट मात्र कुठल्या खात्यात टाकायची यावर घराघरात मतं वेगळी.

काय सोडायचं, कोण सोडतं

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी घरातलं मटण-चिकन संपवायचं ही जुनी रीत, आणि गोड म्हणून पॅनकेक, आपल्याकडे त्यात ओला नारळ आणि गूळ भरतात, गोव्यात त्याला आले-बेले म्हणतात. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी जेवताना विषय निघतो की यंदा कोण काय सोडणार. दारू, सिगारेट, चहातली साखर ही मोठ्यांची नेहमीची यादी. मुलांची चॉकलेट, वेफर्स, गेम. हल्ली मोबाइल आलाय, जेवताना सगळ्यांचे फोन एका टोपलीत वगैरे, पण लेंटचा उत्तरार्ध आणि आयपीएल बऱ्याच वर्षी एकत्र येतात आणि टोपलीतला फोन पहिल्या सुपर ओव्हरला बाहेर येतो.

यात एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. घराने मांस सोडलं की स्वयंपाक करणाऱ्या बाईचं काम कमी होत नाही, वाढतं. चिकनचा एक रस्सा टाकला की दोन वेळचं भागायचं, आता रोज दोन भाज्या, एक डाळ, त्यात एकाला वांगं नको एकाला भोपळा नको, आणि ही बाई स्वतः उपाशी. वडिलांनी मांस सोडलं आणि त्याबदल्यात पनीर मागितलं तर नक्की प्रायश्चित्त कोणाचं चाललंय हा प्रश्न रास्त आहे. ज्या घरात हे कळलेलं असतं तिथे सोडायच्या यादीत भांडी आणि भाजी निवडणं हेही कोणाच्या तरी नावावर टाकलेलं असतं, आणि माझ्या मते चॉकलेट सोडण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

वाचलेले पैसे वेगळे ठेवायचे हा तिसरा भाग, दानधर्माचा. घरातल्या अल्तारापाशी (देव्हाऱ्यासारखी प्रार्थनेची जागा) एखादा डबा किंवा पेटी ठेवतात, मटणाचे पैसे, मुलांच्या वेफर्सचे पैसे त्यात पडतात आणि शेवटी चर्चमध्ये जमा होतात. कारितास इंडिया ही भारतातल्या बिशपांची समाजसेवी संस्था, १९६२ ची, दरवर्षी लेंटमध्ये तिची मदतमोहीम असते. अमेरिकेत अशीच पुठ्ठ्याची पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवायची पद्धत १९७५ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या अॅलनटाउनमध्ये सुरू झाली आणि नंतर देशभर गेली.

राख, झावळी, क्रूसाची वाट

राखेच्या बुधवारी कपाळावर लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आशीर्वाद देऊन मिळालेली पाती घरी आणून तिचा छोटा क्रूस विणतात आणि तो अल्तारावरच्या तसबिरीमागे किंवा दाराच्या चौकटीत खोचून ठेवतात. वर्षभरात ती पिवळी, मग तपकिरी होते, काढायला गेलं की हातातच चुरा होतो, वर कोळ्याचं जाळं. ती टाकायची नाही, लेंटच्या आधी चर्चमध्ये नेऊन द्यायची, तिथे सगळ्यांच्या जाळून राख करतात. राख लावताना फादर एकतर पश्चात्ताप करून सुवार्तेवर विश्वास ठेवायला सांगतात नाहीतर तू माती आहेस आणि मातीला मिळशील याची आठवण करून देतात. दिवस कामाचा असतो, त्यामुळे पहाटेच्या मिस्साला राख घेऊन तसेच विरार-चर्चगेट लोकल पकडणारे असतात आणि ऑफिसात दिवसभर कोणीतरी कपाळाला काहीतरी लागलंय म्हणून सांगत राहतं.

घरात रोजची गोष्ट म्हणजे संध्याकाळची जपमाळ, गोव्यात तिला तेर्स म्हणतात, लेंटमध्ये त्यात दुःखाची रहस्यं (येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग) जास्त घेतात. शुक्रवारी क्रूसाची वाट. ही चौदा स्थानांची (येशूच्या क्रूसाच्या वाटेवरच्या प्रसंगांची) प्रार्थना आहे, फ्रान्सिस्कन संन्याशांनी पसरवलेली, आणि चौदाचा आकडा पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ मध्ये नक्की केला. चर्चच्या भिंतीवर चौदा चित्रं असतातच, पण आळीत घरोघरी फिरूनही ती करतात, आज एकाच्या ओट्यावर, पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याच्या. लहान मुलांना एकेक स्थान वाचायला देतात. तिसरं, सातवं आणि नववं या तिन्ही स्थानी येशू पडतो, त्यामुळे मजकूर सारखाच वाटतो आणि वाचणारं पोर हमखास गोंधळतं.

वसईत हे सगळं पोर्तुगीजांच्या काळातलं. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, मिशनरी गेले पण भाविक राहिले. मिस्सा लॅटिनमध्ये असायची, मराठी आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांची सभा, १९६२–६५). गोव्यात लेंटचा सार्वजनिक भाग जास्त मोठा आहे, मोतेत (दुःखसहनाची गाणी) गातात, आणि गोंय वेल्हा गावात लेंटच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते.

पवित्र आठवडा

झावळ्यांच्या रविवारपासून हा आठवडा, त्याच्या आसपास कन्फेशनच्या (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) रांगा, कारण वर्षातून एकदा तरी कन्फेशन करायचं हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेचा आहे आणि बहुतेक लोक तो शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवतात. गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. गुरुवारच्या मिस्सापासून शनिवारी रात्रीपर्यंत घंटा बंद, जुन्या पद्धतीच्या चर्चमध्ये त्याऐवजी लाकडी खटखटा वाजवतात. गुड फ्रायडेला मिस्साच नसते, दुपारी तीनच्या सुमाराला दुःखसहनाचा विधी असतो.

या आठवड्यात घराचाच म्हणावा असा सगळ्यात पूर्ण विधी केरळच्या सिरियन कॅथलिकांकडे (वेगळ्या, पूर्वेकडच्या परंपरेचे कॅथलिक, सिरो-मलबार त्यातलेच) आहे. महाराष्ट्रातही तो दिसतो, कारण इथल्या सिरो-मलबार लोकांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा धर्मप्रांत निघाला. त्यांचा उपास बुधवारी नाही, सोमवारी सुरू होतो, त्याला पन्नास दिवसांचा उपास म्हणतात. गुरुवारी रात्री घरात तांदूळ आणि उडदाचा बिनखमिराचा पेसहा अप्पम वाफवतात, वर झावळीचा क्रूस ठेवतात, घरातला मोठा माणूस प्रार्थना करून तो कापतो आणि वयाप्रमाणे प्रत्येकाच्या हातात देतो, सोबत नारळाचं दूध आणि गूळ घालून केलेलं पाल. घरात त्या वर्षी कोणी वारलं असेल तर तो करत नाहीत, शेजारी आणून देतात. शुक्रवारी कारल्याच्या किंवा तसल्याच कडू रसाचा घोट आणि नंतर कांजी.

२०२० मध्ये मात्र सगळ्यांनाच सगळं घरी करावं लागलं. २६ फेब्रुवारीला राख नेहमीसारखी चर्चमध्ये लागली, २५ मार्चपासून लॉकडाउन, आणि ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार ते १२ एप्रिलचा ईस्टर हा अख्खा आठवडा लोकांनी मोबाइल आणि टीव्हीसमोर बसून काढला. अंगणातल्या माडाची पाती तोडून आणली, काही घरात वडिलांनी मुलांचे पाय धुतले, क्रूसाची वाट हॉलमधून किचनपर्यंत. व्हॅटिकनमध्येही पोप फ्रान्सिस २७ मार्चला सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात पावसात एकटेच प्रार्थना करत होते. घरच्या घरी करायची सवय ज्यांना आधीपासून होती त्यांना ते वर्ष जरा सोपं गेलं.

लेंटमध्ये लग्नं सहसा करत नाहीत. चर्चचा कायदा सरसकट बंदी घालत नाही पण थाटमाट टाळायला सांगतो, आणि बिनथाटाचं लग्न कोणाला करायचं असतं. म्हणून मुहूर्त एकतर राखेच्या बुधवारच्या आधी उरकतात नाहीतर ईस्टरनंतर, एप्रिल-मेमध्ये, तेव्हा वसईतले हॉल आणि बँडवाले दोन्ही मिळणं कठीण, त्यामुळे पुढच्या वर्षीचा राखेचा बुधवार कधी आहे हे मुलीच्या बापाला फादरच्या आधी माहीत असतं.